नवरदेवाचं झाड

लिक्सांद्रा बसलेली आमच्या उर्सोया गावात कुणी पाहिली नाही. जेवायचीसुद्धा उभ्यानंच. दाराच्या चौकटीला खांदा टेकलेला, एका हातात मक्याच्या मामालिगाचा गरम गोळा, दुसऱ्या हातात कांदा, आणि डोळे समोरच्या टेकडीवरच्या कबरींकडं. "बस की गं घटकाभर," असं कुणी म्हटलं की म्हणायची, "बसले की पाय विचारत्यात, निघायचं कधी?" लग्नात, बारशात, चर्चमध्ये, शेजारणीच्या ओसरीवर, सगळीकडं ती निघायच्या बेतात. म्हातारपणी गुडघे गेले तेव्हा काठीवर भार टाकून उभी राहायला लागली, पण बसली नाही.

हे उभं राहणं तिला लागलं सतराव्या वर्षी. एका मेलेल्या परक्या पोराशेजारी ती नवरी म्हणून उभी राहिली आणि मग गावानं तिला खाली बसूच दिलं नाही.

चव्वेचाळीसचा जून होता. अमेरिकन विमानं इटलीकडून यायची आणि आमच्या डोंगरावरून प्लोएश्तच्या तेलाच्या कारखान्यांवर बॉम्ब टाकायला जायची. जाताना सगळी एका सुरात घुमायची. परतताना त्यांतली काही खोकायची. अशाच एका खोकणाऱ्या विमानानं पेट घेतला आणि ते कड्यापलीकडच्या जंगलात कोसळलं. आतली बाकीची पोरं आधीच उड्या टाकून पलीकडच्या खोऱ्यात उतरली होती, तिथं त्यांना सैनिकांनी धरलं. एकाची छत्री मात्र अर्धीच उघडली. तो आला थेट लिक्सांद्राची मावशी स्तांका हिच्या आलुबुखारांच्या बागेत.

लिक्सांद्रा तिथं बकरी आणायला गेली होती. ती धावत परत आली.

"मावशी, झाडाखाली मानूस पडलाय."

"चोर?"

"न्हाई. निजल्यावानी दिसतोय."

निजलेला नव्हता. तांबडे केस, नाकावर करडे ठिपके, एका पायातला बूट गेलेला, आणि तोंड जरासं उघडं, काहीतरी विचारता विचारता राहिल्यासारखं. मिसरूड नुकतं कुठं फुटलं होतं. फौजदार आला, टोपी मागं सरकवून त्यानं बघितलं आणि म्हणाला, "शत्रूचा आहे. उन्हाळ्याचे दिवस, ठेवू नका. कुंपणाबाहेर पुरून टाका."

"कुंपणाबाहेर कुत्री पुरत्यात," स्तांका म्हणाली. "आईनं नऊ म्हैनं पोटात वागवलाय त्येला. आत पुरनार आमी."

फौजदारानं खांदे उडवले आणि तो गेला. त्याला दुसऱ्या खोऱ्यातली जिवंत पोरं मोजायची होती.

बायांनी अंघोळीचं पाणी तापवलं. आमच्याकडं मेलेल्याच्या अंगावर काही बांधलेलं ठेवत नाहीत. गुंड्या, नाड्या, पट्टा, गाठी, सगळं सोडायचं. नाहीतर जीव त्या गाठीत अडकून राहतो. पोराच्या गळ्यात साखळी होती आणि तिला पत्र्याच्या दोन चपट्या पट्ट्या, धुरानं काळ्या पडलेल्या. आमच्या गळ्यात असतं संताचं पदक. बायांना वाटलं, यांच्याकडचा संत असा चपटा असेल. त्यांनी साखळी काढून बाजूला ठेवली. अंगावरची कातडी जाकीट, लोकरीच्या कॉलरची, ती रीतीप्रमाणं गावातल्या गरिबाला दान गेली, म्हणजे चर्चची घंटा वाजवणाऱ्या ग्लिगोरेला.

मग स्तांकानं त्याचा डावा हात उचलून बघितला. बोटात अंगठी नव्हती.

"झालं," ती म्हणाली. "बिनलग्नाचा हाय."

बिनलग्नाचा गेला तर त्याचं लग्न लावूनच त्याला मातीत द्यायचा, ही आमच्या डोंगराची रीत. नाहीतर तो आपलं लग्न शोधत घरोघर फिरतो. त्याला नवरदेवाचा सदरा घालायचा, बोटात अंगठी, छातीवर टोपी. जंगलातून सरळसोट फरचं झाड आणायचं, शेंडा सोडून सगळ्या फांद्या छाटायच्या, शेंड्याला रंगीत लोकरीचे गोंडे आणि घुंगरं बांधायची आणि ते कबरीच्या उशाला रोवायचं. ते नवरदेवाचं झाड. आणि गावातली एक कुमारिका नवरी म्हणून उभी करायची, डोक्यावर सब्जाचा नि रानफुलांचा मुकुट घालून.

वर्षभर ती पोर नवरी असते. रविवारच्या फेरात नाचत नाही, तिला कुणी मागणी घालत नाही. वर्ष झालं की मेलेल्याची आई कबरीपाशी येते, आपल्या हातानं तिच्या डोक्यावरचा मुकुट उतरवते, आपल्याच हातानं तिला रुमाल बांधते आणि म्हणते, "जा पोरी, आमचं तुझ्याकडं काही नाही." एवढं झालं की पोर मोकळी. यात कधी अडचण आली नव्हती, कारण मेलेल्याची आई दोन घरं टाकून राहत असायची.

पण त्या दिवशी नवरी मिळेना. ज्या अंगणात जावं तिथली आई पोरीला कोठारात पाठवून मोकळी. शेवटी सगळ्या जणी फ्रुसिनाकडं आल्या. गावातली मरणाची गाणी तिच्याच तोंडी, रीतभात तिला विचारून व्हायची. ती दारात उभी राहिली, हात कमरेवर.

"मला इचारायला आलाय? माझा भाऊ प्लोएश्तला ह्येंच्याच बॉम्बनं जळाला. पेटीत घालायला कोळसा तेवढा गावला. आन मी ह्येच्यापायी तोंड उघडू? नवरी मिळंना तर बकरी उभी करा."

लिक्सांद्रा तिथंच होती, हातात बकरीची दोरी. ती बकरी भारी तोऱ्याची, म्हणून घरात तिला बाईसाहेब म्हणायचे. लिक्सांद्राची जीभही तशीच.

"बकरी कशाला? मी ऱ्हाते," ती म्हणाली. "हुबंच ऱ्हायचं हाय, संसार थोडाच करायचाय."

बाया हसल्या. हसण्यावारी ठरलं. मावशीनं पेटीतून लिक्सांद्राच्या बापाचा लग्नातला भरतकामाचा सदरा काढला. बाप दोन वर्षांपूर्वी रशियात लढायला गेला होता आणि त्याच्याकडून काही कळलं नव्हतं. आई तर ती रांगत असतानाच गेली. ग्लिगोरेनं झाड आणलं. त्याला वाटलं, नवरदेवाचा दागिना नवरदेवाच्या झाडावरच शोभतो. म्हणून ती पट्ट्यांची साखळीही त्यानं शेंड्याला घुंगरांशेजारी बांधून टाकली. पाद्रीबाबा सोफ्रोनी आले, पुस्तक उघडलं आणि अडले.

"नाव काय घेऊ ह्याचं?"

"नवरदेव म्हना," स्तांका म्हणाली.

तर नवरदेव म्हणूनच त्याला मातीत दिलं. कथलाची अंगठी त्याच्या बोटात गेली, तिची जोडीची लिक्सांद्राच्या. फ्रुसिना आली होती, पण ओठ मिटून कुंपणापाशी थांबली. आमच्या गावात गाण्याशिवाय झालेलं ते एकच मरण. वाऱ्यावर शेंड्याची घुंगरं आणि पट्ट्या तेवढ्या वाजत राहिल्या.

ऑगस्टमध्ये राजानं बाजू बदलली आणि एका रात्रीत अमेरिकन आमचे मित्र झाले. फौजदार टेकडी चढून आला आणि ज्याला कुंपणाबाहेर पुरा म्हणाला होता त्याला सलाम ठोकून गेला. बाकी काही बदललं नाही. रविवारी फेर धरला जायचा, वाजंत्री वाजायची, आणि लिक्सांद्रा कुंपणाच्या कडेला उभी. टाचा आपोआप ठेका धरायच्या, मग तिला ते कळायचं आणि ती एकदम चालायला लागायची. कुठंही. ओढ्यापर्यंत, गिरणीपर्यंत, परत.

वर्ष भरलं. स्तांकानं कोलिवा शिजवला, म्हणजे गव्हाचा गोड भात, वर साखर आणि अक्रोड. सगळे कबरीपाशी जमले. लिक्सांद्रा मुकुट घालून उभी. सब्जा वाळून काटक्या झाल्या होत्या. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कारण मुकुट उतरवायला कुणी नव्हतं. आपण काय करून बसलो हे तेव्हा गावाच्या ध्यानात आलं.

पाद्रीबाबा पुढं झाले. "असल्या रीती धर्मात नाहीत. मी तुला मोकळी करतो, पोरी. आण इकडं तो मुकुट."

"बाबा, तुमी त्येची आई हाय का?" फ्रुसिनानं विचारलं.

"मी सगळ्यांचा बाप आहे."

"बाप असाल. बापाचं काम न्हाई ह्ये."

पाद्रीबाबांनी हात मागं घेतला. लिक्सांद्रा मुकुटासकट घरी आली.

याच उन्हाळ्यात फ्रुसिनाचा मुलगा पत्रु लढाईवरून परत आला, एक कान बहिरा होऊन. शांत गडी, हसला तर डोळ्यांनी हसायचा. ओढ्यावर लिक्सांद्रा कपडे धूत होती, अर्थात उभ्यानंच, वाकून. त्यानं विचारलं, "फेरात का येत न्हाईस?" ती म्हणाली, "माझा नवरा पाठवत न्हाई." त्याला वाटलं खरंच लग्न झालंय आणि तो ओशाळून निघून गेला. घरी कळल्यावर हसत हसत परत आला. मग रोजच ओढ्यावर कपडे निघायला लागले.

पानगळीच्या सुमाराला त्यानं आईपाशी विषय काढला. फ्रुसिनानं चुलीतलं लाकूड आत ढकललं.

"मी माझ्या घरात दुसऱ्याची सून आननार न्हाई."

"आये, त्यो मेलाय."

"मेलाय म्हून तर. जित्याशी भांडता येतं. त्येच्या आईनं मोकळी केली का हिला? न्हाई ना? मग ती त्या बाईची सून हाय. उद्या तुमच्या पोराबाळांवर काय आलं तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

"त्येची आई सातासमुद्रापल्याड. नाव न्हाई, गाव न्हाई."

"त्ये मला नगं सांगू. मी सांगितलं व्हतं, बकरी हुबी करा."

दुसऱ्या दिवशी पत्रु टेकडीवर गेला. लिक्सांद्रा तिथं होतीच. वारा सुटला होता आणि शेंड्यावर किणकिण चालली होती. पत्रुनं चांगला कान वर केला.

"ते काय वाजतंय?"

"त्येच्या संताचं पदक."

पत्रु डोळे बारीक करून बघत राहिला. "आगं, संत कसला! फौजेत गळ्यात नाव घालत्यात. मेलं तर वळखावं म्हून. मलाबी दिलं व्हतं." त्यानं सदऱ्यातून स्वतःचा पत्रा काढून दाखवला. "ह्येचं नाव वर टांगलंय की तुमी!"

लिक्सांद्रा म्हणे तेव्हा खाली बसायला आली होती. पण बसली नाही.

नाव कळलं तर आई कळणार होती, आणि आई कळली तर सुटका. नाव होतं चार पुरुष उंचीवर, सोललेल्या गुळगुळीत सोटाच्या टोकाला. पण नवरदेवाच्या झाडाला कुणी हात लावत नाही. ते आपणहून कुजून पडायचं असतं. पाच वर्षं लागोत, सात लागोत. पडेपर्यंत त्याच्यावरचा एक गोंडाही काढायचा नाही. आणि नवरीनंच ते पाडलं तर ती जन्मभर त्याची. हे फ्रुसिनानं लिक्सांद्राला चारचौघांत बजावून सांगितलं, पाठोपाठ पत्रुकडंही एकदा बघून घेतलं.

तेव्हापासून लिक्सांद्राची बकरी टेकडीवर चरायला लागली. सगळा डोंगर मोकळा असताना ती नेमकी त्या झाडालाच बांधलेली असायची.

"ह्ये काय चाललंय गं?" फ्रुसिनानं खालून हाक दिली.

"चरतीय, काकी."

"झाडाला का बांधलीय?"

"पळती मग! बाईसाहेबांचं पाय एका जागी ठरत न्हाईत."

"जशी मालकीन!"

बाईसाहेब दिवसभर दोरीला हिसके देत. पाऊस पडून गेला की लिक्सांद्रा तिला हटकून नेई, माती मऊ असायची म्हणून. ग्लिगोरे सांगायचा की ती कबरीवर फुलं लावायच्या निमित्तानं बुंध्यापाशी बादल्याच्या बादल्या पाणी ओतायची, आणि फुलं तर कधी उगवली नाहीत. वादळाची रात्र झाली की पहाटे अनवाणी टेकडीवर. झाड उभंच. थोडं कललेलं, पण उभं. तिचा चेहरा बारीक झाला, हात सारखे कशाशी तरी खेळायला लागले. ती कथलाची अंगठी बोटातल्या बोटात फिरवून फिरवून तिच्या कडेला धार आली होती.

शेहेचाळीसच्या वसंतात एक ट्रक गावात आला. ठिकठिकाणी पडलेली आपली माणसं गोळा करून न्यायला अमेरिकन निघाले होते. एक तरुण कप्तान, उन्हानं सोललेलं नाक. दोन फावडेवाले शिपाई. आणि क्रायोवाचा एक मास्तर दुभाषी म्हणून. सगळं गाव मागोमाग टेकडीवर.

कबर उघडली. कप्तान वाकला, बघितलं, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. भरतकामाचा सदरा. कमरेला लाल पट्टा. छातीवर शेतकऱ्याची टोपी. बोटात अंगठी. तो काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात," दुभाष्यानं सांगितलं, "हा तुमच्यातलाच कुणीतरी नवरा माणूस आहे. आमचा पोरगा कुठंय?"

"ह्योच की!" सगळे एकदम बोलले.

"आमचा पोरगा एकोणीस वर्षांचा होता, लग्न झालेलं नव्हतं."

"न्हवतंच झालेलं. आमी लावलं!"

"कधी?"

"मेल्यावर."

दुभाष्यानं हे इंग्रजीत सांगितलं. कप्तानानं त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग तो जमलेल्या एकेकाला निरखायला लागला. त्याची नजर ग्लिगोरेवर गेली. ग्लिगोरे त्या दिवशी नटून आला होता, लोकरीच्या कॉलरची जाकीट घालून.

"जाकीट इथं आहे," दुभाषी म्हणाला. "साहेब विचारतात, तिच्या आतला माणूस कुठं टाकलात?"

"साहेब, दान हाय ओ ह्ये!" ग्लिगोरे दोन पावलं मागं सरला. "मेलेल्याचं कापड गरिबाला द्यायचं असतंय. माझ्याइतका गरीब गावात न्हाई, कुनालाबी इचारा."

"गरीब न्हाई, आळशी," मागून कुणीतरी म्हणालं.

कुणी हसलं नाही. कप्तानानं शिपायांना खूण केली, कबर बुजवा म्हणून. दुभाष्यानं हात जोडल्यासारखे केले.

"बाबांनो, काहीतरी खूण दाखवा. ओळख पटल्याशिवाय साहेबांना नेता येत नाही. आणि आम्ही परत येणार नाही. आम्हाला महिनाअखेर देश सोडायला सांगितलंय. त्याच्या घरी त्याचं काय झालं हे कधीच कळायचं नाही."

सगळं गाव जमिनीकडं बघायला लागलं. वर कुणी बघेना, कारण वर सगळ्यांना माहीत होतं काय आहे ते. पाद्रीबाबा दाढी कुरवाळत होते. पत्रु पुढं सरकला, तशी फ्रुसिनानं त्याची बाही धरली.

लिक्सांद्रा झाडापाशी उभी होती. गप्प राहिली असती तर झाड आणखी वर्षादोन वर्षांत आपणहून पडलं असतं. ती पट्ट्या उचलून नाव वाचून घेणार होती, कुणाकडून तरी त्या आईला कळवणार होती, रीतीनं सुटणार होती, पत्रुच्या घरी जाणार होती. सगळा हिशेब तिनं बकरी राखताना शंभरदा केला होता. आत्ता पाडलं तर जन्मभर याची.

तिनं मान वर केली.

"काकी," ती फ्रुसिनाला म्हणाली, "माझा बा रशियात कुठंतरी पडलाय. तिथंबी असंच कुनाच्या तरी झाडाला त्येचं नाव टांगलेलं असंल आन समद्या जनी खाली मान घालून हुब्या असतील, तर?"

फ्रुसिनानं पत्रुची बाही सोडली.

"थांब, मी पाडतो," पत्रु म्हणाला.

"तू मागं सर. हुबी मी ऱ्हायले व्हते."

तिनं खांदा लावला. इतके महिने बाईसाहेबांनी जे केलं होतं ते तेव्हा उपयोगी आलं. बुंध्याशी माती फाटली, सोट करकरला, आणि झाड कबरींच्या मधल्या गवतात आडवं झालं. घुंगरं उडाली. लिक्सांद्रा गुडघ्यावर येऊन शेंड्यातल्या गोंड्यांत हात घालून शोधायला लागली. साखळी निघाली. ती पट्ट्यांवर थुंकली आणि एप्रनच्या कडेनं घासायला लागली, इतकी जोरात की दुभाष्याला तिच्या मुठीतून त्या ओढून घ्याव्या लागल्या.

"ऑरिन व्हेस्टबी," त्यानं वाचलं. मग पट्टी उजेडात धरली. "खाली आणखी एक नाव आहे. घरच्या माणसाचं. इंगा व्हेस्टबी. त्याची आई असणार. त्याखाली गावाचं नाव."

तिची सुटका जिच्या हातात होती तिचं नाव सुरुवातीपासून तिच्या डोक्यावर वाजत होतं.

कप्तानानं पट्ट्या घेतल्या, वाचल्या, आणि तो खड्ड्याकडं पुन्हा बघायला लागला. या वेळी बराच वेळ, सदऱ्यावरच्या भरतकामाकडं. फ्रुसिना जवळ आली.

"आईचं नाव काय म्हनालास?"

"इंगा."

"इंगा," फ्रुसिना म्हणाली, आणि कुणाकडं न बघता टेकडी उतरून गेली.

लिक्सांद्रा तोवर घरी पळाली होती. ती धापा टाकत परत आली तेव्हा पोराला ट्रकमध्ये ठेवलं होतं. तिच्या हातात रुमालात बांधलेला वाळका मुकुट.

"ह्यो त्येच्या आईला पोचता करा. म्हनावं, तिचा पोरगा एकला गेला न्हाई. आन म्हनावं, मला मोकळी कर."

"बाई, तिला काय कळणार यातलं?" दुभाषी म्हणाला.

"बाईला बाईचं कळतंय. तुमी सांगा तर."

दुभाष्यानं कप्तानाला सांगायला सुरुवात केली. बराच वेळ सांगत होता, हातवारे करून, मधेच डोक्याला हात लावून. ऐकता ऐकता कप्तानानं टोपी काढली. मुकुट त्यानं नकाशांच्या पिशवीत वरच्या बाजूला ठेवला, दबणार नाही असा. पाद्रीबाबांनी ट्रकच्या मागं उभं राहून पहिल्यांदा नाव घेऊन प्रार्थना म्हटली. मग ट्रक गेला.

झाड पडलं की पाडलं, यावर गावात पुढं वर्षभर वाद चालला. ग्लिगोरे म्हणायचा, "मी तिथंच व्हतो. वारा सुटला व्हता." पाद्रीबाबांना विचारलं तर तेही म्हणायचे, "वारा होता खरा." त्या दिवशी एक पान हललं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं.

लिक्सांद्राला मात्र आता कुठं थांबावं तेच कळेना. कबर रिकामी, झाड आडवं, मुकुट गेलेला. नवरी होती, पण कुणाची? सकाळी टपालाच्या गाडीपाशी, दुपारी टेकडीवर, संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर. पावसानं तो रिकामा खड्डा खचायचा आणि ती पुन्हा माती ओढायची. पत्रु मागं मागं.

"चल, शहरात जाऊ," तो म्हणायचा. "तिथं कुनाला कळनार हाय मेल्याची नवरी?"

"मला कळतंय ना."

"आगं, त्या बाईनं मुकुट बघून चुलीत घातला असंल."

"घातला असंल तर घातला. पन मला सांगावं तिनं."

पुढच्या वर्षी, पहिली थंडी पडली तेव्हा, क्रायोवाच्या त्या दुभाष्या मास्तरानं एका गाडीवानाबरोबर समुद्रापलीकडून आलेलं पुडकं पाठवलं. वाटेत कुणीतरी ते फोडून पुन्हा बांधलं होतं. आत चिठ्ठी असलीच तर गेली होती. उरले होते लोकरीचे हातमोजे. करड्या रंगाचे, जाड, आणि पाठीवर विणलेला आठ पाकळ्यांचा लाल तारा.

तासाभरात स्तांकाच्या अंगणात सगळ्या बाया. हातमोजे या हातातून त्या हातात.

"तारा तर आपल्यातलाच हाय."

"टाका बघा कसा बारीक घातलाय."

"पन ह्याचा अर्थ काय? मोकळी केली का न्हाई?"

"हातमोजं म्हंजी काय मुकुट उतरवनं नव्हं."

"मग काय हाय?"

"थंडीचं घालायचं, दुसरं काय!"

लिक्सांद्रा अंगणात येरझारा घालत होती, कोंबड्या तिच्या पायांतून पळत होत्या. पत्रु कुंपणाबाहेर उभा, चांगला कान आत करून. तेवढ्यात फ्रुसिना आली. बायांनी वाट करून दिली. तिनं हातमोजे घेतले, उलटे केले, आतले धागे बघितले, शिवण बघितली, नाकाला लावले.

"बाजारातलं न्हाई ह्ये," ती म्हणाली. "घरी इनलंय. एका ठिकानी टाका सुटलाय बघा, आन तसाच पुढं गेलाय. डोळं भरलं असतील तिचं."

तिनं तो सुटलेला टाका बोटानं चाचपला.

"रीत काय हाय?" फ्रुसिनानं विचारलं. "आईच्या हातानं मोकळी करायची. बरूबर? मग ह्यो तिचाच हात न्हवं का? तिच्या हाताचा उबारा हाय ह्येच्यात." तिनं हातमोजे स्वतःच्या हातांत चढवले. भावाचा कोळसा गोळा केलेले ते दोन दांडगे हात त्या करड्या लोकरीत बसता बसेनात. "स्तांका, रुमाल आन. आन तू गं, घटकाभर एका जागी ऱ्हा."

लिक्सांद्रा थांबली.

फ्रुसिनानं तिच्या डोक्यावर रुमाल टाकला आणि हनुवटीखाली गाठ मारायला लागली. जाड हातमोज्यांत टोकं धरता येईनात. एक टोक निसटलं, मग दुसरं. ती पुटपुटली, शिवी दिली, पुन्हा धरलं.

"हातमोजं काढून बांधा की, काकी," एक पोरगी म्हणाली.

"गप! काढले तर माझा हात हुईल."

अखेर गाठ बसली. फ्रुसिनाच्या कपाळावर थंडीतही घाम आला होता. तिनं लिक्सांद्राच्या गालांवर ते दोन्ही तारे ठेवले.

"जा पोरी," ती म्हणाली, "आमचं तुझ्याकडं काही न्हाई."

मग तिथंच अंगणात उभं राहून तिनं ते गाणं म्हटलं जे तीन वर्षांपूर्वी म्हटलं नव्हतं, झाडाचं आणि नवरदेवाचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नवरदेवाच्या नावाच्या जागी तिनं ऑरिनचं नाव घातलं.

त्याच पंधरवड्यात लग्न झालं. लिक्सांद्रा फेरात नाचली, हातमोजे घालून. फ्रुसिनानं घालायलाच लावले. वाजंत्रीवाले थकले तरी ती थांबेना. पत्रुबरोबर तिचा संसार पुढं चाळीस वर्षं झाला, चार पोरं झाली. दर जूनमध्ये ती ऑरिनच्या नावानं कोलिवा करायची आणि टेकडीवरच्या रिकाम्या जागी उभी राहून वाटायची.

पण म्हणून तिला स्वस्थता आली असं नाही. ऐन जेवणात ती चमचा खाली ठेवायची आणि खिडकीपाशी जायची. पत्रुला कळायचं, आता हिचं तेच सुरू होणार.

"इंगाला उमगलं असंल का हो?" ती विचारायची. "का तिला निस्तं वाटलं असंल, परक्या मुलखात पोरीचं हात गारठत असतील?"

"गारठत व्हते ना तुझं हात?" पत्रु म्हणायचा.

"व्हते."

"मग खा आता."

ती यायची, चमचा उचलायची, आणि उभ्यानंच खायची.